वायपरचा दांडा 'बंद'वर नेल्यावर आत नक्की काय होतं?

तारयंत्र

मे महिना संपत आला की इथे 'कोणती वायपर ब्लेड घ्यावीत' असा धागा निघतो आणि बघता बघता शंभरी गाठतो. चालू द्या. पण त्या ब्लेडांना हलवणाऱ्या यंत्रणेबद्दल कोणी बोलत नाही, आणि पहिल्या सरीला दगा देते ती बरेचदा तीच. म्हणून हा वेगळा धागा. पुढच्या काचेवर दोन वायपर असलेल्या, बारा व्होल्टच्या नेहमीच्या गाड्यांबद्दलच लिहितोय. अगदी नव्या, महागड्या गाड्यांत मोटरबरोबर छोटा संगणकच येतो, त्यांचं गणित वेगळं.

बॉनेट उघडून काचेच्या बुडाशी असलेली काळी प्लास्टिकची जाळी काढली की आत एक मोटर, तिला चिकटलेला गिअरचा डबा आणि लोखंडी पट्ट्यांची जोडणी दिसते. मोटर साधी, चुंबकाची, डीसी. तिचा दांडा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारतो. वायपरला हव्यात मिनिटाला चाळीस-पन्नास. म्हणून दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात आणि त्यांत अडकून एक मोठं दातेरी चाक सावकाश फिरतं. या वर्म गिअरचा गुण असा की मोटर चाकाला फिरवू शकते, चाक मोटरला नाही. त्यामुळे सोसायटीत गाडी पुसणारे दादा वायपर हाताने आडवा ढकलतात तेव्हा मोटर हलत नाही, मधली जोडणी पिचते. त्यांना सांगा, वायपर उचलायचा, ढकलायचा नाही.

आता दोन वेग. 'लो'ला मध्ये रेझिस्टन्स टाकून करंट कमी करत असतील असा बऱ्याच जणांचा समज असतो. सध्याच्या बहुतेक मोटरींत तसं नसतं. त्यांत दोनाऐवजी तीन कार्बन ब्रश असतात. एक अर्थचा, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेला. दुसरा त्याच्या बरोब्बर समोर, तो 'लो'चा. तिसरा जरा तिरका बसवलेला, तो 'हाय'चा. तिरक्या जागेमुळे दोन ब्रशांच्या मध्ये वाइंडिंगचे वेढे कमी येतात. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करत असते आणि तोच तिचा वेग आवरून धरतो. वेढे कमी झाले की ही अडवणूक कमी होते आणि मोटर जास्त पळते. पण वेग मिळतो तो जोराच्या बदल्यात. ट्रकने काचेवर चिखल उडवला तर 'हाय' लावू नका, 'लो'च तो ओढून नेईल.

आणि आता माझा आवडता भाग. वायपर बंद करणं.

स्टिअरिंगजवळचा दांडा 'बंद'वर नेला तेव्हा ब्लेड काचेच्या मध्यावर असलं तरी तिथे थांबत नाही. निमूट खाली येऊन झोपतं. कारण 'बंद' केल्यावर मोटरची वीज तुटतच नाही, फक्त तिचा रस्ता बदलतो. त्या दातेरी चाकावर धातूची एक चकती असते, तिला एका ठिकाणी खाच. चकतीवर पत्र्याच्या बारीक जिभा घासत असतात. ब्लेड खालची जागा सोडून कुठेही असलं की या जिभा प्लस आणून 'पार्क'च्या तारेला जोडून ठेवतात. आणि स्टिअरिंगजवळचा स्विच 'बंद'वर असताना ही पार्कची तार 'लो'च्या तारेला जोडतो. झालं. मोटर या आतल्या वाटेने वीज घेऊन चालत राहते, ब्लेड खाली येतं, खाच जिभेखाली येते आणि प्लस तुटते.

इथवर बऱ्याच मेकॅनिकांना माहीत असतं. पण नुसती प्लस तुटून भागत नाही. फिरती मोटर आपल्या झोकात पुढे जाईल, खाच ओलांडेल, परत प्लस मिळेल आणि परत एक फेरा. म्हणून खाचेत आल्यावर पार्कची तार सुटी राहत नाही, अर्थला जोडली जाते. म्हणजे 'लो'चा ब्रशही अर्थला आणि अर्थचा ब्रश तर होताच. त्या क्षणी फिरणारी मोटर जनरेटर झालेली असते. तिची दोन टोकं एकमेकांना जोडली की तिनेच बनवलेला करंट तिलाच अडवतो. ब्रेक लागतो. ना लायनर, ना ड्रम. इंजिन न लावता नुसतं इग्निशन चालू करून, काच ओली करून ऐका: वायपर थांबताना मोटरचा आवाज विरत जात नाही, कापल्यासारखा तुटतो.

प्रश्न असतील तर विचारा.

शंकासुर

मस्त लेख. पण ब्लेड इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातं म्हणजे मोटर दर वेळी उलटी फिरत असणार ना? तुम्ही तर ती एकाच दिशेने फिरते असं धरून चालला आहात.

तारयंत्र

एकाच दिशेने. शिवणयंत्राचा पायटा आठवा: पाय खालीवर होतो आणि चाक गोल फिरतं. इथे त्याच्या उलट. मोटरच्या बाहेरच्या दांड्यावर एक आखूड क्रँक आहे, तो गोल गोल फिरतो. त्याच्या टोकाला जोडलेली लांब पट्टी पुढेमागे होते आणि वायपरच्या स्पिंडलला ठरावीक कोनात डुलवते. क्रँकचा एक पूर्ण फेरा म्हणजे ब्लेडचं एक जाणं आणि एक येणं. खरोखर उलटसुलट फिरणाऱ्या मोटरी आहेत, पण त्या मी वर वगळलेल्या गाड्यांत.

बॅटरी_डाऊन

नमस्कार मंडळी. कराडला हायवेलगत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. लेख बरोबर आहे, माझ्याकडून थोडी भर घालतो.

पावसाळ्यात 'वायपरची मोटर गेली' म्हणून जेवढ्या गाड्या येतात त्यातल्या निम्म्या मोटरी चांगल्या असतात. मोटरचा आवाज येतोय पण ब्लेड हलत नाही? मोटरला हात लावू नका. पट्टीच्या टोकाला प्लास्टिकची वाटी असते, ती लोखंडी गोळीवर दाबून बसवलेली असते. वाटी झिजली की पट्टी गोळीवरून उडते. आम्ही त्याला बुश गेला म्हणतो. बऱ्याच गाड्यांचा बुश सुटा मिळतो. मिळत नसला तर लिंकेज, म्हणजे पट्ट्यांची जोडणीच बदला, तरी मोटरपेक्षा स्वस्तातच पडतं. घाटात अडकलात तर वाटी गोळीवर हाताने दाबून बसवा आणि वरून केबल टाय आवळा. घरी पोचाल.

एकच ब्लेड हलतंय, दुसरं नाही, तर आधी त्या आर्मच्या बुडाचं टोपण काढून नट बघा. ढिला असतो. आर्म ज्या स्पिंडलवर बसतो त्याला बारीक दाते असतात, नट ढिला राहिला की आर्म घसरून ते दाते साफ होतात. मग नट कितीही आवळा, उपयोग नाही.

आणि आर्म परत बसवण्याआधी मोटर एकदा चालू करून बंद करा, ती आपोआप पार्कला येईल. मगच आर्म लावा. मोटर भलत्याच जागी असताना आर्म लावला की ब्लेड बॉनेटवर आपटतं, नाहीतर काचेच्या बाहेर निघून पिलरवर मारतं.

घाटमाथा

अगदी वेळेवर धागा. माझ्या जुन्या हॅचबॅकचा वायपर 'लो' आणि 'हाय'वर झकास चालतो. बंद केला की जिथे असेल तिथेच उभा. आणि थांबून थांबून चालणाऱ्या सेटिंगवर, दांड्यावर 'इंट' लिहिलंय ते, तिथे तर कमालच. टिक असा आवाज येतो, ब्लेड वीतभर सरकतं आणि थांबतं. परत टिक, परत वीतभर. भोरहून वरंध घाट उतरताना धुक्यात हे असलं चालणार नाही. गॅरेजवाल्याने मोटर बदलायला सांगितली आहे आणि आकडा ऐकून मी घरी आलो.

तारयंत्र

तुम्ही लक्षणं इतकी नेमकी दिलीत की निदान इथूनच करता येईल. मोटर बदलू नका.

'इंट'मध्ये रिले (विजेवर उघडझाप करणारा स्विच) किंवा टायमर मोटरला पूर्ण फेऱ्याची वीज देतच नाही. तो फक्त एक छोटा झटका देतो, चकतीची खाच जिभेखालून सरकेल एवढाच. पुढचा सगळा फेरा पार्कच्या वाटेने मिळणाऱ्या विजेवर होतो आणि खाचेत येऊन थांबतो. तुमच्याकडे झटका मिळतोय म्हणजे रिले जिवंत आहे. 'लो' आणि 'हाय' चालतात म्हणजे ब्रश आणि वाइंडिंग ठीक. बंद केल्यावरही चालत नाही आणि झटक्यानंतरही चालत नाही, म्हणजे दोन्हींची सामाईक वाट तुटली आहे: पार्कची प्लस. एक तर मोटरपर्यंत ती पोचत नाही, नाहीतर आतली जीभ चकतीला टेकत नाही, नाहीतर पार्कची तार परत स्विचपर्यंत जात नाही.

बॅटरी_डाऊन

+१. मोटरचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग काढा. इग्निशन चालू करा, वायपर बंदच ठेवा. टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला लावून कपलरच्या पिना एकेक तपासा. एका पिनेवर लॅम्प लागलाच पाहिजे, ती पार्कची प्लस. नाही लागला तर वायर किंवा फ्यूज. लागला, पण मंद लागला, तर पिनेवर गंज. कपलर उलटा धरून आत उजेड टाकून बघा. तारांचे रंग प्रत्येक गाडीत वेगळे, रंगावर जाऊ नका.

रत्नदुर्ग

आमच्याकडे रत्नागिरीला वेगळाच त्रास. खारी हवा. मोटर, बुश सगळं ठीक, तरी वायपर रडतखडत चालतो आणि मध्येच थांबतो. पाच-दहा मिनिटांनी आपला आपण परत चालू. हे काय गौडबंगाल?

बॅटरी_डाऊन

स्पिंडल गंजलाय. आर्म ज्या नळीतून वर येतो ती बाहेरून झाकलेली असली तरी पाणी तिथूनच उतरतं. क्रँकवरून पट्टी सोडवा आणि आर्म हाताने फिरवून बघा. एका बोटाने फिरला पाहिजे. दोन्ही हात लावावे लागत असतील तर मोटर बिचारी काय करणार? लिंकेज काढून स्पिंडल घासा, ग्रीस लावा. वरून नुसतं स्प्रे मारणं हा दोन दिवसांचा इलाज.

तारयंत्र

आणि 'आपला आपण परत चालू' होतं त्याचं कारण असं की बऱ्याच मोटरींत तापल्यावर सुटणारा दोन धातूंच्या पट्टीचा कटआउट असतो. भार वाढला, करंट वाढला, पट्टी तापून वाकली, वीज तुटली. गार झाली की परत जोडली. तो मोटर वाचवायला ठेवलेला आहे. हे लक्षण दिसलं की कुणीतरी 'मोठा फ्यूज टाका' म्हणून सुचवतोच. टाकू नका. त्याने अडकलेला स्पिंडल सुटणार नाही, वायर जळेल.

पावसाळी_पोपट

वायपर कळला, आता पाण्याचं सांगा. मी दांडा ओढते, बॉनेटखालून घर्र आवाज येतो, काचेवर थेंब नाही. टाकी भरलेली आहे. आम्ही वाघोलीला राहतो, टाकीत बोअरचंच पाणी जातं. अधूनमधून भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकते.

तारयंत्र

बोअर म्हणालात तिथेच अर्धं उत्तर आलं. क्षारांचा पांढरा थर नोजलच्या भोकात बसतो, आणि ते भोक असतं टाचणीच्या टोकाएवढं.

यंत्रणा अशी. टाकीच्या बुडाशी रबरी बुचात एक छोटा पंप खोचलेला असतो. छोटी डीसी मोटर आणि तिच्या टोकाला पाणी भिरकावणारा पंखा. हा पंप हवा ओढू शकत नाही, म्हणून तो बुडाशी ठेवतात, पाणी वजनानेच त्याच्यात उतरतं. तिथून रबरी नळी बॉनेटखालून नोजलपर्यंत. वाटेत एक एकतर्फी झडप असते, तिच्यामुळे नळीतलं पाणी परत टाकीत उतरत नाही. ही झडप गेली तर दर वेळी पाणी यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात वायपर कोरड्या काचेवरची धूळ घासून ओरखडे पाडतो. बऱ्याच गाड्यांत दांडा ओढल्यावर आधी पाणी आणि जरा मागून वायपर अशी वेळ जुळवलेली असते, आणि दांडा सोडल्यावर पाणी निपटायला वायपर दोन-तीन फेरे जास्त मारतो. ते काम पुन्हा त्याच रिलेचं.

तुमचा पंप चालतोय, म्हणजे फ्यूज आणि स्विच ठीक. नोजलकडची नळी बॉनेटखाली उपसा आणि कुणाला तरी दांडा ओढायला सांगा. नळीतून धार आली तर नोजल बुजलंय. बारीक सुईने साफ करा, जमल्यास नोजल काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. धार नाही आली तर मागे मागे जा: नळी कुठे मुडपली आहे का, सांध्यातून निसटली आहे का, पंपाची जाळी गाळाने भरली आहे का. आणि तपासताना दांडा ओढून धरू नका. कोरडा पंप फार वेळ चालला की जळतो, त्याला गार ठेवतं ते पाणीच.

भांड्यांचा साबण बंद करा. फेस होतो, वाळल्यावर काचेवर पापुद्रा राहतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यात फुटतात. आरओचं किंवा बॅटरीत टाकतो ते पाणी आणि वॉशरचं तयार द्रावण, एवढं पुरे.

पावसाळी_पोपट

नळी काढली तर कारंजं उडालं, नवरा भिजला. म्हणजे नोजलच. व्हिनेगरमध्ये टाकलंय. धन्यवाद!

उत्तरध्रुव

एडमंटनहून. इथे हिवाळ्यात साधं पाणी टाकलं तर टाकी, पंप आणि नळ्या गोठून फुटतात. उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारं निळं द्रव मिळतं, त्यात मिथेनॉल असतं. विषारी आहे, लहान मुलं आणि कुत्र्यांपासून लांब ठेवावं लागतं. भारतातून नव्याने आलेल्यांना एकच सांगणं: रात्री ब्लेड काचेला गोठून चिकटतात, आणि आदल्या दिवशी वायपर चालू असतानाच इग्निशन बंद केलं असेल तर सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर मोटर त्यांना उपटायला जाते. नशीब बरं असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर वर बॅटरी_डाऊन म्हणाले ते स्पिंडलचे दाते साफ. गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करायची सवय लावा.

कडकलक्ष्मी

तारयंत्र, ब्लेडला उगाच कमी लेखलंत हं. बाकी धागा छान, पण रबराचं काम सोपं नाही. त्याची धार काचेवर उभी नसते, तिरकी कललेली असते, आणि प्रत्येक टोकाला वळताना ती दुसऱ्या बाजूला पलटावी लागते. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे ब्लेड उन्हात एकाच जागी दाबून पडलेलं असतं. रबर कडक होतं, एकाच बाजूला कललेलं तसंच राहतं आणि जूनमध्ये पलटायला नकार देतं. मग ते थडथड उड्या मारत जातं.

जातानाच थडथडतं आणि येताना नाही, असं असेल तर आधी आर्म पिळला गेलाय का बघा. ब्लेड काचेला काटकोनात बसत नसेल तर ते एका बाजूला पलटतं, दुसऱ्या बाजूला नाही. दोन्हीकडे पाणी फरफटत असेल तर रबर संपलंय किंवा काचेवर तेल, मेण, डिझेलचा धूर असं काहीतरी बसलंय. काच आधी साफ करा, नवं ब्लेड नंतर घ्या. आणि ब्लेड काढलेला आर्म काचेवर तसाच टेकवू नका. स्प्रिंगने सटकला तर लोखंडाचा फटका थेट काचेला बसतो. खाली जाड फडकं ठेवा.

तारयंत्र

मान्य. ब्लेडचा स्वतंत्र धागा तुम्हीच काढा, मी येईन.

जुनं_ते_सोनं

थोडं अवांतर. वायपरचं अमेरिकन पेटंट मेरी अँडरसन या बाईंना १९०३ साली मिळालं, आतून हाताने दांडा ओढायचा. पुढे अनेक वर्षं इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या) व्हॅक्यूमवर चालणारे वायपर होते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडायचा आणि वायपर मरगळायचा. म्हणजे भर पावसात ओव्हरटेक करताना नेमकं दिसणं बंद!

आणि ते 'इंट'. रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन इंजिनिअरने ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स वापरून ते केलं, पेटंटचा अर्ज १९६४चा. कपॅसिटर भरायला लागणारा वेळ म्हणजेच दोन फेऱ्यांमधली विश्रांती. मोठ्या कंपन्यांनी तसेच वायपर गाड्यांत बसवले, हा गृहस्थ कोर्टात गेला. यातले सगळे पार्ट आधीच बाजारात होते, मग शोध कसला, असं कंपन्यांचं म्हणणं. फोर्डने १९९०मध्ये एक कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन तडजोड केली. क्रायस्लरशी तर तो बराचसा खटला स्वतःच लढला आणि जिंकला.

शंकासुर

आणि ते आपोआप चालू होणारे वायपर? काचेला पाऊस पडलेला कळतो कसा?

तारयंत्र

आरशामागे काचेला चिकटवलेली एक डबी असते. ती काचेत साधारण ४५ अंशांनी इन्फ्रारेड प्रकाश सोडते. बाहेर हवा असेल तर ४२ अंशांच्या पुढचा प्रकाश काचेतून बाहेर पडूच शकत नाही, पूर्ण परावर्तित होऊन आतल्या सेन्सरवर येतो. बाहेर थेंब बसला की तीच मर्यादा ६०च्या वर जाते, आणि ४५ अंशांचा प्रकाश थेंबातून निसटतो. आत परतणारा प्रकाश घटला म्हणजे पाऊस. म्हणूनच गाडी धुवायला देताना 'ऑटो' बंद करावं. फडकं फिरवताना वायपर अचानक उठतो.

घाटमाथा

कळवायचं राहिलं. कपलर काढला. एका पिनेवर हिरवट पावडर, आणि त्याच पिनेवर टेस्ट लॅम्प जेमतेम लाल दिसत होता. बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन नोजपलायरने किंचित आवळली. वायपर खाली येऊन झोपतो, 'इंट' पूर्ण फेरा मारतं. तारयंत्र, तो कापल्यासारखा आवाज पण ऐकला!

बॅटरी_डाऊन

छान. आता कपलरवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवा. आणि वरची काळी जाळी नीट बसली आहे ना बघा, तिथूनच पाणी कपलरवर पडत असणार. जाळीखाली पानं साठली असतील तर तीही काढा, पाणी जायची भोकं त्यांनीच बुजतात.

शंकासुर

एक शेवटचं. माझ्या गाडीला मागे पण वायपर आहे. मागचं पाणी सोडलं की पुढच्या काचेवरही थोडं उडतं. टाकी एकच आहे. दोन पंप आहेत का?

तारयंत्र

बहुधा एकच, दोन तोंडांचा. दांडा पुढे ढकलला की पंपाची मोटर एका दिशेने फिरते, मागे ओढला की दुसऱ्या. प्लस-मायनस उलटं होतं, एवढंच. पाणी कोणत्या तोंडातून जायचं ते आतला रबरी पडदा दाबाने ठरवतो आणि दुसरं तोंड बंद करतो. तुमचा पडदा फाटलाय किंवा त्यात कचरा अडकलाय. पंप बदला, महाग नसतो. टाकीत पाणी कमी असताना काढा, नुसता ओढला की बुचातून सुटतो. नवा पंप घालताना जुनं रबरी बूचही बदला, नाहीतर टाकी गळत राहील.